मताची पावती

१६ जानेवारी २०२५. गुरुवार होता. सकाळचं दुसरं वर्तमानपत्र वाचून झालं होतं आणि मी टीव्हीसमोर बसलो होतो. पहाटे वांद्र्याला सैफ अली खानच्या घरात कुणीतरी शिरलं होतं, त्याच्यावर चाकूचे वार झाले होते. दिवसभरात एकेक तपशील उलगडत गेला. त्यातला एक माझ्या मनात रुतूनच बसला. एवढ्या मोठ्या नटाला रुग्णालयात नेलं ते रिक्षातून! मी आजवर सहा कादंबऱ्या लिहिल्या, पण असं काही सुचलं नसतं. सुचलं असतं तर खोटं वाटेल म्हणून खोडून टाकलं असतं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई त्या दिवशी उशिरा आल्या. त्या किरकटवाडीच्या. स्वयंपाकघरातूनच त्या माझ्या बायकोला सांगत होत्या, पण आवाज बाहेर येत होता. त्यांचा भाचा, एकोणीस वर्षांचा, दोन दिवसांपासून आजारी होता. आधी जुलाब झाले होते, ते थांबले, आणि आता म्हणत होता की पायांत त्राणच नाही, जिना चढवत नाही. मग त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘‘काका, हे कशानं होत असंल?’’

मी म्हणालो, ‘‘अशक्तपणा असेल. इलेक्ट्रल द्या.’’ आणि रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.

हे मी लिहितो आहे ते कुणाला उपदेश करायला नव्हे. त्या रिमोटचं बटण ज्यानं दाबलं त्याच्या बाजूनं हा लेख लिहिलेला आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

आमचं बिऱ्हाड सिंहगड रस्त्यावर. संध्याकाळी आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी बागेतल्या कट्ट्यावर जमतो. त्या आठवड्यात कट्ट्यावर दोनच विषय होते. एक सैफ. दुसरा कोल्डप्ले. नव्या मुंबईत त्यांचे १८, १९ आणि २१ जानेवारीला कार्यक्रम होते आणि प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे गेलेलं होतं किंवा जाता आलं नाही म्हणून रुसलेलं होतं. माझी मुलगी गेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये तिकिटांसाठी ती एक अख्खा रविवार कॉम्प्युटरसमोर बसून होती. तिच्यापुढे रांगेत काही लाख माणसं आहेत, असा आकडा पडद्यावर दिसत होता. मतदानाच्या दिवशी पुढे वीस माणसं दिसली तर ‘दुपारी येऊ’ म्हणून परतणारी ही मुलगी! मी तसं बोलूनही दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, या रांगेच्या शेवटी काय मिळणार हे मला माहीत आहे.’’

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आजही नाही.

पुढच्या मंगळवार-बुधवारी वर्तमानपत्रांत ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’ हे नाव आलं. जीबीएस. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते, अशक्तपणा बहुधा पायांपासून सुरू होतो आणि वर चढत जातो. श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर व्हेंटिलेटर लागतो. रुग्ण सापडत होते ते मुख्यत्वे आमच्याच भागात: नांदेड गाव, किरकटवाडी, नांदोशी, धायरी. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला. नांदेड गावच्या विहिरीचं, खासगी आरओ केंद्रांचं, टँकरचं पाणी तपासलं जाऊ लागलं. ताईंचा भाचा तोवर अतिदक्षता विभागात होता. त्याला दवाखान्यात न्यायला त्यांनी माझ्या इलेक्ट्रलनंतर आणखी एक दिवस घालवला होता.

त्या रात्री आमच्या सोसायटीची सभा झाली. आपल्या टाकीत पाणी कुठून कुठून येतं, हा प्रश्न निघाला. चव्वेचाळीस फ्लॅट, त्यातल्या एकालाही पूर्ण उत्तर देता येईना. नळाचं थोडं, बोअरचं थोडं, उन्हाळ्यात टँकर. टँकर पाणी कुठून भरतो? कुणी विचारलंच नव्हतं. सैफच्या इमारतीत चोर कोणत्या जिन्यानं चढला असावा यावर मात्र आदल्याच संध्याकाळी आमच्यात गंभीर मतभेद झाले होते.

सेक्रेटरी म्हणाले, ‘‘नगरसेवकाला फोन लावू.’’ कोण आपला नगरसेवक? एकानं एक नाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरं. शेवटी जुन्या कॅलेंडरवर एका नगरसेवकाचा फोटो आणि नंबर सापडला. फोन मीच लावला. पलीकडून अदबीनं उत्तर आलं, ‘‘काका, मी माजी आहे. तीन वर्षं होत आली. सध्या आजी कुणीच नाही.’’

त्या गृहस्थाबद्दल चांगलंच सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला, टाकीत डोकावला, क्लोरीनच्या गोळ्या देऊन गेला. ‘‘फोन मीही करतो,’’ तो म्हणाला, ‘‘पण सभागृहच नाही तर उभा कुठं राहून बोलू?’’

तो गेल्यावर मी बराच वेळ जिन्यातच उभा राहिलो. कारण धक्का मला त्याच्या उत्तराचा बसला नव्हता. धक्का बसला होता तो मला हे माहीत नसण्याचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी स्वतः जाऊन चार सदस्यांच्या प्रभागात चार मतं दिली होती. पुणे महापालिकेच्या त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. मुंबईचीही त्याच महिन्यात. मार्च २०२२ मधलं मला काय आठवतं? ऑस्करच्या मंचावर विल स्मिथनं ख्रिस रॉकच्या मुस्काटात मारली, ते आठवतं. त्याची बायको कशावरून दुखावली होती, नंतर त्यानं माफी कशी मागितली, सगळं आठवतं. माझ्या शहराचं सभागृह रिकामं झालं, हे मात्र आठवत नाही. आठवत नाही म्हणण्यापेक्षा ते कधी डोक्यात शिरलंच नाही, असं म्हणणं खरं.

कारणं नंतर शोधून वाचली. मार्च २०२१ मध्ये स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मग आयोग, प्रभागरचना, सदस्यसंख्या, सरकार बदललं, पुन्हा रचना, तारखांवर तारखा. मे २०२५ मध्ये न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावलं, मुदत वाढली, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांसाठी मतदान झालं. म्हणजे जवळजवळ चार वर्षं. ज्या घटनादुरुस्तीनं नगरपालिकांना घटनेत स्थान दिलं, ती चौऱ्याहत्तरावी, १९९३ पासून लागू आहे. तिच्यात सभागृहाची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

या चार वर्षांत कारभार थांबला नव्हता. प्रशासक होते, रस्ते खणले जात होते, बुजवलेही जात होते. पुण्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प १२ हजार कोटींच्या वर होता, मुंबईचा ७४ हजार कोटींच्या वर. पण तो कसा मंजूर होत होता ते पाहा. आयुक्त अर्थसंकल्प मांडणार, आणि प्रशासक म्हणून स्थायी समितीचे आणि सर्वसाधारण सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच असल्यानं मंजूर करणारही तेच. आम्हा बँकेच्या माणसांना नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट शिकवत: ज्यानं व्हाउचर लिहिलं त्यानंच ते पास करायचं नाही. लिहिणारा हरिश्चंद्राचा अवतार असला तरी नाही. हा कुणाच्या प्रामाणिकपणावरचा संशय नव्हे, नुसती कामाची रीत आहे. शंभर रुपयांच्या व्हाउचरला दोन सह्या लागतात, हे चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो. माझ्या शहराच्या हजारो कोटींवर एकाच बाजूची सही होत होती तेव्हा मी काय बघत होतो, ते वर आलंच आहे.

आता यावर एक ठरीव रडगाणं आहे. पूर्वीची माणसं जागरूक होती, हल्ली सगळे नटनट्यांच्या मागे लागले आहेत. कट्ट्यावर हे रोज एकदा तरी होतं. मला ते पटत नाही. मराठी माणूस नटांसाठी वेडा नव्हता असं एकही दशक मला दिसत नाही. बालगंधर्वांसारख्या साड्या नेसायला घरंदाज बायका शिकल्या, हे आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेलं. पण त्याच वेडाचं काय झालं तेही पाहा. १९२१ मध्ये मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर आले आणि उत्पन्न गेलं टिळक स्वराज्य फंडाला. नाटककार खाडिलकर, म्हणजे ‘केसरी’चे एकेकाळचे संपादक. लोक गेले ते गाणं ऐकायला, दोघांतला वरचढ कोण ते पाहायला. देशकार्यासाठी गेले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण तिकिटाचे पैसे कुठे चालले आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि दुसरी गोष्ट, माझ्या स्वतःच्या आठवणीतल्या काळातली. मार्च १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. मी सतरा वर्षांचा, तालुक्याच्या गावी. प्रचाराच्या काळात एका रविवारी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, जगजीवन राम बोलणार होते. त्या संध्याकाळी दूरदर्शननं ठरलेला ‘वक्त’ बदलून ‘बॉबी’ लावला. ‘बॉबी’! चार वर्षांपूर्वी त्या सिनेमानं देश वेडा केला होता. लोक घरी बसतील असा हिशेब होता. लोक चालत मैदानावर गेले. आम्हाला हे नंतर कळलं, आमच्या गावात टीव्ही होता कुठे? पण इकडे महाराष्ट्रात पु. ल. प्रचाराच्या सभांना बोलत होते आणि त्यांना ऐकायला लोक लोटत होते. म्हणजे दिल्लीत लोकप्रियता लोकांना घरी बसवायला वापरली गेली आणि महाराष्ट्रात तिनंच लोकांना घराबाहेर काढलं. आमच्या गावचे मास्तर मला म्हणाले होते, ‘‘हसायला ये, पण ऐकून जा.’’ सभा तालुक्यात नव्हती, जिल्ह्याला होती. एसटीचं भाडं नसल्यानं माझं जाणं झालं नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

तेव्हा नटाचं वेड ही काही राजकारणाची सवत नव्हे. मग बिघडलं कुठे? माझा अंदाज असा, की आपण राजकारणाकडे पाठ फिरवलेली नाहीच. आपण ते सिनेमासारखं बघायला लागलो आहोत.

जून २०२२ आठवा. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेला, मग गुवाहाटीला गेले. सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचं ते फोनवरचं बोलणं, ‘काय झाडी, काय डोंगर, काय हाटील’, तेव्हा घराघरांत पाठ झालं. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर ते हुबेहूब म्हणून दाखवत. मीच चार वेळा फर्माईश केली असेल. कोण कोणत्या विमानानं गेलं, कोण परतलं, कुणाचा फोन लागत नव्हता... एवढं राजकारण आम्ही जन्मात कधी बोललो नव्हतो. आम्हाला राजकारणात रस नाही असं कोण म्हणेल? आणि त्याच वेळी पुण्याचं सभागृह रिकामं होऊन तीन महिने झाले होते. त्यावर त्या महिन्यात कट्ट्यावर एक शब्द निघाल्याचं मला स्मरत नाही.

कारण उघड आहे, आणि ते गोष्टी रचणाऱ्याला तर कळायलाच हवं. गुवाहाटीत पात्रं होती, डाव होते, उद्या काय होणार याची हुरहुर होती. सैफच्या बातमीत जखमी नायक होता, लहान मुलं होती, पळालेला खलपुरुष होता. प्रभागात काय आहे? ड्रेनेजची लाइन. तिला ना चेहरा, ना पुढचा भाग. तिथे गोष्टीतलं एकच पात्र असे: नगरसेवक. त्याला शिव्या घालता येत, लग्नाला बोलावता येई, त्याच्या फ्लेक्सवरून थट्टा करता येई. ते पात्रच काढून टाकलं गेलं आणि प्रेक्षकांनी ओळखलंही नाही, कारण सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या पडद्यावर होतं.

ताईंकडे तर ते पात्र त्याच्याही आधीपासून नव्हतं. नांदेड, नांदोशी, किरकटवाडी धरून तेवीस गावं २०२१ च्या मध्याला पुण्यात घेतली गेली. ग्रामपंचायती गेल्या. महापालिकेत आपल्या मतानं कुणाला पाठवायची वेळ यायच्या आत सभागृहाची मुदत संपली. भाचा व्हेंटिलेटरवरून निघाला त्या आठवड्यात मी ताईंना विचारलं, तुमच्याकडे पाण्याचं कुणाला सांगता? त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, ‘‘सरपंच होता तेव्हा त्याच्या दारात जाऊन भांडता तरी यायचं, काका. आता दारच कुठलं ते कळत नाही.’’

१९९५ च्या विधानसभेला मला निवडणुकीची ड्यूटी लागली होती. बँकेच्या लोकांना ती लागतेच. आम्ही कुरकुरत जातो आणि पुढे वर्षभर किस्से सांगतो. वेल्हे तालुक्यातली शाळा, रात्री कंदिलाच्या उजेडात मतपत्रिका मोजून ठेवलेल्या, सकाळी सातला दार उघडलं. सातव्या की आठव्या नंबरला एक म्हातारी आली. बोटाला शाई लावून घेतली, शिक्का मारला, घडी करून पेटीत टाकली, आणि माझ्या टेबलाशी येऊन थांबली. ‘‘पावती?’’ तिनं हात पुढे केला. सोसायटीत पैसे भरले की पावती मिळते, मग इथे का नाही? रांगेतली माणसं हसली. मी चौतीस-पस्तीस वर्षांचा, नुकताच अधिकारी झालेला. मला वाटलं काहीतरी चांगलं बोलावं. मी म्हणालो, ‘‘आजी, कोण निवडून आलं ते लक्षात ठेवायचं. तीच पावती.’’ तिला ते पटलं नाही. हात तसाच ठेवून ती क्षणभर उभी राहिली आणि मग निघून गेली.

हा किस्सा मी तीस वर्षं समारंभांत सांगून टाळ्या घेतल्या आहेत. फोनवर ‘काका, मी माजी आहे’ ऐकलं तेव्हापासून तो सांगायचं बंद केलं. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय धरतात. ते पुन्हा सुरू करायला आमच्या वेळी खातेदाराला ओळखपत्र घेऊन स्वतः यावं लागे. माझं तर आठ वर्षं पडून होतं.

१५ जानेवारी २०२६. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. नव्या कामाला हा दिवस चांगला नाही म्हणून ही मला सकाळी चिडवत होती. केंद्रावर आमच्यापुढे तीसेक माणसं होती. मुलगी मुंबईहून आली नाही. तिथेही मतदान होतं, तिनं तिकडे केलं म्हणाली, बोटाचा फोटो पाठवला. टीव्हीवर सकाळपासून शाई लावलेली बोटं दाखवणारे नट आणि नट्या दिसत होत्या. मी ते पाहिलं. खोटं कशाला बोलू, कोण कोणत्या केंद्रावर आलं तेही पाहिलं.

ताईंनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. दुसऱ्या दिवशी आल्या त्या भाच्याची हकीगत घेऊनच. त्याचं पहिलंच मत. अजून काठी लागते, डाव्या पावलात पुरती ताकद आलेली नाही. केंद्र शाळेत होतं आणि त्याची खोली पहिल्या मजल्यावर. लोक म्हणाले, खाली खुर्ची आणतो, उचलून नेतो. तो ऐकेना. कठड्याला धरून एकेक पायरी चढला, वीस पायऱ्या. खाली उतरल्यावर म्हणाला, ‘‘मावशी, चार बटणं दाबली. त्यातलं पाण्याचं कोण बघणार?’’

ते ताईंनी मला विचारलं. मला माहीत नव्हतं. निकाल त्याच दिवशी लागायचा होता. संध्याकाळी त्यांच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांची नावं मी शोधली, आमच्याकडच्या चौघांचीही, आणि दोन कागदांवर ठळक अक्षरांत लिहून काढली. पुढे फोन नंबर लिहायला जागा सोडली. एक कागद ताई घेऊन गेल्या. दुसरा आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. त्यावर तीन नंबर लिहून झाले आहेत. चौथ्याचा मिळवायचा आहे.